घंटामावशीचा मधला विमानतळ

घंटामावशीला घरी जायचं होतं. बास, एवढंच. पण घरी जायचं तर वाटेत एकदा विमान बदलावं लागतं, आणि ते कुठे बदलावं यावर तिच्या घरातली शिकलीसवरलेली माणसं गेले सतरा दिवस भांडत होती.

शाळेत तिने एकतीस वर्षं घंटा दिली, म्हणून ती घंटामावशी. वर्ग उघडायचे, फळे पुसायचे, पाणी भरायचं, आणि पस्तीस मिनिटं झाली की टोल. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी तिचा टोल चुकत नसे. अक्षरं मात्र तिच्याकडे उशिरा आली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिलीच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसून, उघड्या दारातून फळा बघत ती वाचायला शिकली. पुढे इंग्रजी अक्षरंही तशीच, पाचवीच्या दाराबाहेरून. आपलं नाव दोन्ही तऱ्हेने लिहिता आलं त्या दिवशी तिने मधली सुट्टी पाच मिनिटं वाढवली, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

सुनेच्या पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून ती परदेशात मुलाकडे आली होती. सून इमारतींचे नकाशे काढायची. आता ती पुन्हा आपल्या तिरक्या टेबलाशी उभी राहून काम करू लागली होती, म्हणजे मावशीचं काम संपलं होतं. मुक्कामाची परवानगीही वीस तारखेला संपत होती. पण तिकीट निघेल तर शपथ.

मुलाचं म्हणणं, विमान बदलायचं तर सगळ्यात मोठ्या विमानतळावर. तिथे म्हणे आतल्या आत आगगाडी धावते, फरशी अशी की तोंड बघून घ्या. त्याला घरात नाव पडलं ‘राजवाडा’. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची आणि रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर अवतरायची. तिला हवा होता तो विमानतळ, जिथे दोन विमानांमध्ये जेमतेम सव्वा तास होता. त्याला भावाने नाव दिलं ‘धावपळ’.

“आईला ताटकळत ठेवायचं नाही,” मुलगी म्हणायची.

“अगं ताई, पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं तर?”

“तुझ्या राजवाड्यात तर ती हरवेल! गेल्या खेपेला तू स्वतः हरवला होतास.”

“मी हरवलो नव्हतो, कॉफी पीत होतो.”

मग पडद्याच्या कडेने जावयाचं अर्धं डोकं यायचं. जावई कामानिमित्त महिन्यातून दोनदा विमानात बसायचा आणि त्याला प्रत्येक विमानतळाची खोड ठाऊक होती. “आई, तुम्ही काही म्हणा, पण मार्चमध्ये तिथे धुकं असतं,” असं काहीतरी बोलून तो अदृश्य व्हायचा. मार्च येऊन गेलेला असायचा. मग धुक्यावर अर्धा तास.

मावशी भाजी निवडत ऐकायची. “मला विचारा की कुणीतरी,” असं ती तिसऱ्या दिवशी म्हणाली होती. “तुलाच तर विचारतोय!” असं दोघं एका सुरात म्हणाले आणि पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. लग्नाची मुलगी दाखवायला बसवावी आणि पाहुण्यांनी आपसातच भांडावं, तशी गत.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि मावशीचं डोकं उठत होतं ते त्यानेच. ती गोष्ट म्हणजे खुर्ची. चाकांची.

मावशीचे पाय ठणठणीत होते. रोज सकाळी ती तळ्याला दोन फेऱ्या मारून यायची. पण तिला परकी भाषा बोलता येत नाही, म्हणून खुर्ची. तिकीट काढताना चौकटीत एक खूण केली की माणूस येतो आणि ढकलत नेतो. ओळखीपाळखीच्या सगळ्यांचे आईबाप असेच ये-जा करायचे. भाषा येत नसेल तर पाय काढून घ्यायचे, अशी ही रीत.

येताना तिने ते भोगलं होतं. माणूस आला, बसवलं, पासपोर्ट आणि तिकीट आपल्या खिशात घातलं, आणि एका खांबासमोर नेऊन उभी केली. तिच्यासारख्या आणखी सहा खुर्च्या तिथे होत्या, सगळ्यांची तोंडं खांबाकडे. त्या माणसाने हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली आणि गेला. पहिल्या तासाला तिला बाथरूमला जावंसं वाटलं. ती उठली, तर गणवेशातल्या दुसऱ्या एकीने खांद्यावर हात ठेवून बसवलं. कागद त्या माणसाच्या खिशात. उठून गेले आणि तो आला तर? तीन तास. मनातल्या मनात तिने पाच टोल दिले. पाचव्याच्या आधी व्हायचं ते झालं. पुढचं नऊ तासांचं विमान ती ओल्या कपड्यांत, मांडीवर पिशवी धरून बसली होती. विमानतळावर उतरल्यावर मुलाने मिठी मारली तेव्हा तिने पिशवी मध्ये धरली. मुलगा म्हणाला, “केवढी घट्ट धरलीय पिशवी! कोण नेतंय?”

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचा निश्चय मात्र पक्का होता. या वेळी स्वतःच्या पायांनी, नाहीतर वीस तारीख गेली उडत.

अठराव्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाली, फोन उशीला टेकवून उभा केला, मुलगी पडद्यावर आली. मुलगा हात चोळत म्हणाला, “बरं, वाद संपला. मी सकाळी तिकीट काढून टाकलं. राजवाडा.”

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. “काय? अरे मी काढलं! काल! धावपळीचं!”

“तू कशाला काढलंस?”

“तू काढत नव्हतास म्हणून!”

“मी काढत नव्हतो कारण तू ऐकत नव्हतीस!”

“खुर्ची घेतलीस ना पण?”

“म्हणजे काय! तू?”

“मीपण.”

एकाच दिवशी, एकाच बाईला, दोन विमानं आणि दोन खुर्च्या. जावयाचं डोकं आलं आणि म्हणालं, “तांत्रिकदृष्ट्या हे शक्य नाही.” मग कुणाचं रद्द करायचं यावर जे सुरू झालं त्यात लहानपणीची सायकल निघाली, मोडलेली कंपासपेटी निघाली, आजोबांच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं तेही निघालं.

मावशी उठली. स्वयंपाकघरातून परात आणली, उलथणं आणलं, आणि दाराच्या चौकटीत उभी राहून दिला टोल. ठण्, ठण्, ठण्ण्ण. शाळा सुटायचा, लांब.

सगळं शांत झालं. मुलगा तिच्याच शाळेत शिकलेला. तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता, आणि आपण का उभे आहोत हे त्याला कळत नव्हतं. पडद्यावर मुलगीही उभी होती. नुसतं पोट दिसत होतं.

“बसा,” मावशी म्हणाली. “आता मी विचारते. पहिलं विमान जिथे सोडतं तिथून दुसरं जिथे घेतं तिथपर्यंत किती चालायचं? वळणं किती? आणि बाथरूम कुठे?”

“आई, तुला चालायचंच नाहीये, खुर्ची–”

“मी तुला विचारलं नाही. नकाशावाल्या बाईला विचारलं.”

सून आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “आई, मी पहिल्याच दिवशी तिसरा सांगितला होता. छोटा, जुना. थोडं उलटं जावं लागतं आणि पाच तासांचा थांबा आहे, म्हणून यांनी कुणी ऐकूनच घेतलं नाही.”

“तो वळसा? तो कोण घेतं?” जावई म्हणाला.

“जावईबापू, पाच मिनिटं गप्प बसता का?” मावशी म्हणाली. अठरा दिवसांत पहिल्यांदाच तो बसला.

सुनेने टेबलावरचा मोठा कागद उलटा केला आणि फोनवर बघत बघत तीन आकृत्या काढल्या. राजवाडा म्हणजे सांडलेल्या शेवया. धावपळीत दोन इमारती, मध्ये बस. वळसा म्हणजे एक सरळ रेघ. एका बाजूला विमानांच्या दारांचे आकडे, दुसऱ्या बाजूला खिडक्या, मध्ये तीन ठिकाणी बाथरूम.

मावशीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. “ही तर आपल्या शाळेची पडवी. पहिली ते सातवी, टोकाला ऑफिस. हाच.”

“आई, पाच तास काय करशील तिथे?” मुलगी कळवळली.

“पाच तास म्हणजे शाळेचे पुरे आठ तास. एकतीस वर्षं केली. आणि खुर्ची नको.”

“आई, हट्ट करू नकोस. काही झालं तर? तुला कुणाशी बोलता येत नाही...”

“झालंय ते होऊन.” मावशी थांबली. जावयासमोर बोलायची गोष्ट नव्हती. पण हे अठरा दिवस काय कमी उघड्यावर गेले होते! “येताना तीन तास मला खांबासमोर बसवून ठेवली होती. कागद त्याच्या खिशात. उठता आलं नाही. बसल्या जागी झालं. तशीच आले तुझ्यापर्यंत. म्हणून पिशवी मध्ये धरली होती.”

पडद्यावर मुलीने हात तोंडावर ठेवला. मुलगा उलथण्याकडे बघत होता. जावयाचं डोकं हळूच बाजूला झालं. ते मावशीला बरं वाटलं.

“सांगितलं का नाहीस?” शेवटी मुलगा म्हणाला.

“विचारलं का कुणी? सगळे विचारत होते, विमानात जेवण कसं होतं.”

दोन्ही तिकिटं रद्द झाली. सुनेने तिथल्या तिथे तिसरं काढलं. खुर्चीच्या चौकटीपाशी आली तेव्हा तिने मावशीकडे पाहिलं आणि ती कोरी सोडली. “चालेल ना रे?” मावशीने मुलाला विचारलं. मुलाने मान डोलावली. त्याची मान लहानपणापासून फार लवकर डोलायची. दूध प्यायलास? मान. गृहपाठ झाला? मान. मागाहून दूध बेसिनमध्ये सापडायचं.

अठरा तारखेला पहिलं विमान वळशाला उतरलं. मावशीच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात सुनेचा कागद, आणि पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात. दाराबाहेर पाऊल टाकलं, आणि समोर चाकांची खुर्ची. मागे गणवेशातला, केस पिकायला लागलेला एक माणूस, हातात पाटी धरून. पाटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तिचं नाव. पूर्ण, आडनावासकट. पाचवीच्या दाराबाहेर शिकलेली ती सगळी अक्षरं.

मुलगा! मागाहून फोन करून मागवली होती गड्याने.

तिच्या कानशिलात रक्त चढलं. तो माणूस तिच्या मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांची तोंडं न्याहाळत होता. हिला वाचता येत असेल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती मान ताठ करून त्याच्या अंगावरून पुढे गेली. दहा पावलं, वीस. पडवी सरळ समोर होती.

मग तिचे पाय थांबले. एकतीस वर्षं ती स्वतः शिपाई होती. साहेबांनी कुणालातरी आणायला पाठवावं आणि तो माणूस मिळू नये, मग काय ऐकून घ्यावं लागतं, ते तिला माहीत होतं. हा विमान रिकामं होईपर्यंत उभा राहणार, आणि वर बोलणीही खाणार.

“काय कटकट आहे,” ती मोठ्याने म्हणाली आणि परत फिरली.

तिने पाटीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. माणसाला हायसं वाटलं. त्याने खुर्ची पुढे केली आणि कागदांसाठी हात पसरला. मावशीने पाकिटावर हात ठेवून मान हलवली. मग पिशवी उचलली, खुर्चीत नीट बसवली आणि तिला पट्टाही लावला. पुढे बोट दाखवलं. चल.

तो एकदा पिशवीकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग हसला आणि ढकलू लागला. मावशी त्याच्या बरोबरीने चालू लागली. पहिल्या बाथरूमपाशी तिने त्याला हाताने थांबायला सांगितलं, आणि गरज नव्हती तरी आत जाऊन आली. तो तिथेच उभा होता, पिशवी राखत.

फोन वाजला. “आई, पोचलीस? खुर्चीवाला भेटला का?”

“भेटला.”

“बसलीस ना?”

“जागा नाही रे. पिशवी बसलीय.” आणि पुढचं ऐकायच्या आत तिने फोन बंद केला.

दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत अकरा मिनिटं लागली. सुनेच्या कागदावर चौदा लिहिली होती.