फ्रिजमधला पास

अठरा वर्षं मी सिनेमाच्या शूटिंगवर आवाज रेकॉर्ड करतोय, आणि त्यातला एकही आवाज प्रेक्षकाने ऐकलेला नाही. आम्ही जागेवर घेतो तो पायलट. नट नंतर स्टुडिओत उभा राहून तेच संवाद पुन्हा म्हणतो, तेव्हा आधाराला माझी टेप लावतात, आणि मग ती पुसून पुढच्या सिनेमाला वापरतात. हे सगळं माहीत असूनही मी लोकांचे पंखे बंद करायला लावतो, कुकर उतरवायला लावतो, शेजाऱ्यांशी वाकड्यात शिरतो. खोड आहे, दुसरं काय!

यंदा, शहाऐंशीच्या मे महिन्यात, अंधेरीच्या एका गावठाणात, आयरीन आंटीच्या घरात आमचं शूटिंग होतं. आंटी आणि तिची मुलगी कार्मेन तेवढे दिवस पलीकडच्या गल्लीत बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. स्वयंपाकघरात त्यांचा फ्रिज घरघरत होता. मी नेहमीप्रमाणे बटण बंद केलं आणि नेहमीप्रमाणे माझा रेल्वेचा पास फ्रिजमध्ये ठेवला. ही माझी जुनी युक्ती. माणूस कितीही दमला तरी पासाशिवाय मुलुंडला घरी कसा जाणार? पास घ्यायला फ्रिज उघडला की बटण आपोआप आठवतं.

"पायलट आहे यार," प्रॉडक्शन मॅनेजर चंद्रप्रकाश म्हणाला. "त्या फ्रिजने काय घोडं मारलंय तुझं?"

संध्याकाळी सातला पॅकअप झालं तेव्हा पाय भरून आले होते आणि कान बधिर झाले होते. तेवढ्यात कळलं की कॅमेऱ्याची गाडी मुलुंडला चाललीय. मी पुढच्या सीटवर बसलो तो थेट घरापाशीच जागा झालो. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला दारात सोडलं आणि नेमका तिथेच घात झाला.

सकाळी मुलुंड स्टेशनवर खिशात हात घातला, तर पास नव्हता. तो फ्रिजमध्येच राहिला होता, आणि बटणही बंदच. तिकीट काढून कसाबसा अंधेरीला पोचलो.

गल्लीच्या तोंडाशीच आंटीचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी कार्मेनचा साखरपुडा होता. त्यासाठी आणलेलं दहा किलो डुकराचं मटण आणि सुरमई फ्रिजमध्ये होती, आणि सगळ्याला वास सुटला होता. आंटीने अंगणात चंपावर तोंड सोडलं होतं. चंपा सहा वर्षं तिच्याकडे धुणीभांडी करत होती.

"काल शेवटचा झाडू तू मारलास! तूच बटण बंद केलंस! उद्यापासून पाय ठेवू नको इथे."

"बाई, मी नाही हो हात लावला," चंपा परत परत तेवढंच म्हणत होती.

चंद्रप्रकाशने मला कोपऱ्यात ओढलं. "लवू, तोंड उघडू नको. तीन दिवसांचं काम बाकी आहे. आपलं नाव आलं ना, तर म्हातारी सामानासकट बाहेर काढेल सगळ्यांना. त्या बाईला काय, दुसरं घर मिळेल."

खरं सांगतो, मी गप्प बसलो. दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार सोपं जातं. आत गेलो, रेकॉर्डर मांडला, हेडफोन चढवले. माझ्या जोडीदाराने, अंबादासने, माइक खिडकीशी टेकवून ठेवला होता. त्यातून चंपाचा आवाज सरळ माझ्या कानात आला. ती आता काही बोलत नव्हती, नुसती रडत होती. अठरा वर्षं नट्यांचं रडणं ऐकलेल्या कानाला खरं रडणं कळायला वेळ लागत नाही. मला माझीच लाज वाटली. हेडफोन काढून मी अंगणात गेलो.

"आंटी, बटण मी बंद केलं. आवाज येत होता म्हणून. आणि चालू करायला विसरलो. आत माझा पास आहे, बघा."

आंटीने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. फ्रिज उघडला. आत पास नव्हता.

"बघा!" मागून चंद्रप्रकाश ओरडला. "उगाच त्या बाईला वाचवायला बोलतोय हा."

चंपाने पदराने डोळे पुसले आणि मागच्या खिडकीतून काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं.

"हा का, दादा? सकाळी फ्रिज उघडला तेव्हा मटणाच्या पाण्यात पडला होता. फोटो तुमचा दिसला. भिजला होता, म्हणून पुसून उन्हात ठेवला. तुम्ही आल्यावर देणारच होते."

तासभर शिव्या खाताना स्वतःच्या सुटकेचा पुरावा तिनेच वाळत घातला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी पास घेतला. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

आंटी पासाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या पोरीचं जेवण नासवलंस. निदान तुझा आवाज तरी चांगला येणार ना रे सिनेमात?"

"नाही आंटी. तो पुसून टाकतात."

फ्रिजचं दार उघडंच टाकून ती अंगणात निघाली. दारात क्षणभर थांबली.

"चंपा, उद्या लवकर ये. पाहुणे आहेत."

चंपाने मटणाचा टोप ओढून बाहेर काढला. आतून दोनदा हाक आली, "लवू, शॉट रेडी!" मी टोपाची दुसरी बाजू धरली.