बाईंच्या मागचं दार

आमच्या घरात फोनला धड रेंज मिळते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, त्यामुळे माझं इटालियन ओट्याच्या कडेला बसून, भांड्यांच्या आवाजात आणि आईच्या शेऱ्यांसकट चाललं होतं. फळांची नावं, वारांची नावं हा बाळबोध भाग कधीच मागे पडला होता. आता मी बाईंचे व्हिडिओ बघत होते. बाई म्हणजे जाड फ्रेमच्या चष्म्याच्या एक हसऱ्या बाई. त्या कधी बाजारात टोमॅटो निवडत, कधी नळ दुरुस्त करणाऱ्याशी भांडत, पण शेवटी आपल्या स्वयंपाकघरात टेबलाशी येऊन बसत, कॉफी ओतत आणि बघणाऱ्याला एखादा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत. आज काय केलंस? शेजारी कसे आहेत तुझे? मी फोनकडे बघून मोठ्याने उत्तर द्यायची, बाई मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "ब्रावा!" शाबासकी. इतक्या स्वस्तात शाबासकी आमच्या घरात कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

तोंडी परीक्षा पास झाले की इटलीतल्या एका चिनीमातीच्या कारखान्यात मला शिकाऊ म्हणून घेणार होते. माझी तयारी पूर्ण होती. तयार नव्हती ती आई. मी केस मानेच्या वर कापले तर जिने आठवडाभर अबोला धरला, ती मला परदेशी सुखासुखी थोडीच सोडणार होती!

"तू गेलीस की मला दिसणार कधी?" हे तिचं पालुपद.

"फोनवर."

"फोनवर दिसणं म्हणजे काय दिसणं!"

मोठ्या माणसांशी वाद घालण्यात माझी निम्मी ताकद जाते, म्हणून मी कानात इयरफोन खुपसायची.

आईला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मटार सोलता सोलता ती माझ्या खांद्यावरून ते व्हिडिओ मालिका बघावी तशी बघायची. मी नुसती ऐकायची, ती नुसती बघायची.

"बाईंकडे कुणीतरी राहायला आलंय," एकदा ती म्हणाली.

"आई, प्लीज. मी भूतकाळ करतेय."

"कर ना. पण कप दोन आहेत."

खरंच दोन होते. क्रियापदांच्या नादात माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग तिने बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत एक हिरवा शर्ट शोधून काढला, "अगदी तुझ्यासारखा गं," आणि एक दिवस शेंग तशीच हातात धरून म्हणाली, "आत्ता दिसली! मागच्या दारातून आत गेली. केस काय सुरेख आहेत पोरीचे, पार कमरेपर्यंत."

मी व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. बाईंच्या मागचं दार नेहमीसारखंच बंद होतं.

"चष्म्याचा नंबर तपासून घे."

"तुझंच लक्ष नसतं," आई म्हणाली. हेही नेहमीचंच.

परीक्षेला एक गंभीर गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, तुमच्या घराचं वर्णन करा. आणि मी जी सुटले! टेबलावर पडणारं सकाळचं ऊन. मागचं दार, जे जरासं वर उचलल्याशिवाय लागत नाही. आत माझी खोली, निळ्या पट्ट्यांची चादर, खिडकीची तुटकी कडी, तिला मी लोकर गुंडाळलेली, कपाटाच्या आरशावरचा तपकिरी डाग. शब्द शोधावे लागतच नव्हते. गृहस्थ लिहायचे थांबून ऐकत राहिले.

"घर सोडताना जड जाईल तुम्हाला," ते म्हणाले आणि त्यांनी मला पास केलं.

रस्त्यात मी नाचायचीच बाकी होते. आईसाठी तिच्या आवडीचा चॉकलेट केक घेतला, आणि दुकानदार खोक्याला दोरी बांधत असताना माझ्या मनात आलं की आमच्याकडे निळ्या पट्ट्यांची चादर नाहीच. हसू आलं. बाईंचं घर पाठ झालंय, दुसरं काय! पण ती खोली बाईंनी कधी दाखवली नव्हती. मागचं दार एकाही व्हिडिओत उघडलं नव्हतं. मी खोकं उचललं आणि भराभर चालायला लागले.

आई खिडकीपाशी माझ्या जागेवर बसली होती. तिने स्वतःचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून बाईंचा व्हिडिओ लावला होता.

"आई, पास झाले!"

"होणारच होतीस," ती वळून न बघता म्हणाली. "जा खुशाल. मी कशाला अडवू?"

मी भांडणाची, रडारडीची सगळी तयारी करून आले होते. आता मलाच थोडं लागलं.

"आणि मी दिसणार कधी, त्याचं काय?"

"दिसतेस की रोज."

किती खुशीत होती ती! पडद्यावर बाईंनी दोन्ही कपांत कॉफी ओतली, प्रश्न विचारला आणि थांबल्या. मी तोंड उघडलं. माझा शब्द फुटायच्या आतच त्यांनी मान डोलवली. "ब्रावा!"

आईने बोटाने पडद्याचा कोपरा हलकेच पुसला आणि लाडाने म्हणाली, "केस तेवढे कापू नकोस हं, बाळा."

केकचं खोकं धरून मी तिच्या मागे उभी होते, उघड्या मानेवर खिडकीतला वारा लागत होता. पडद्यावर बाईंच्या मागचं उघडं दार जरासं वर उचललं गेलं, आणि अलगद लागलं.