रेखाकाकूंचा कसाटा

"इला, एक सांगू? राग मानू नकोस. काकूंच्या घरी एकदा आत जाऊन बघ."

मीनाक्षीताईंनी हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितलं होतं, हातावर तिळगूळ ठेवता ठेवता. मीनाक्षीताई नर्स, रोज म्हाताऱ्या माणसांतच वावरणाऱ्या. "आज त्यांनी मला तीनदा विचारलं, तुझा मुलगा कितवीत आहे म्हणून. अगं, ग्रॅज्युएट होऊन जॉबला लागला तो. त्याच्या पार्टीचा केक काकूंनीच केला होता."

"ताई, मी पण रोज गाडीची किल्ली शोधते," इला हसून म्हणाली. "वय झालंय, दुसरं काय."

हसण्यावारी नेण्याचं खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. मंगळवारी आणि गुरुवारी तिला ऑफिसात जावं लागे. चार वर्षांच्या सियाचं प्रीस्कूल बाराला सुटायचं आणि त्या दोन दुपारी सिया रेखाकाकूंकडे असायची. इला तशी भारी धास्तीची आई. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय डब्यात घालायची नाही, ताप नसताना थर्मामीटर लावायची. पण काकूंच्या घरी तिची ही करडी नजर पायपुसण्यापाशीच थांबे. काकू दारातच सियाला आत घ्यायच्या आणि संध्याकाळी बूट घालून तयार, दारातच परत द्यायच्या. इलाला कायम घाई. आणि जे पाहिलं तर काहीतरी करावं लागेल, ते न पाहणं माणसाला फार लवकर जमतं.

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात पाडवा म्हटलं की काकूंचा कसाटा. कसाटा म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतर मिळायचा तो आइस्क्रीमचा तुकडा नव्हे. हा इटलीतल्या सिसिलीचा, ईस्टरला करायचा केक. पन्नास वर्षांपूर्वी काकू नव्या नवरी म्हणून शिकागोला आल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या रोझालिया नावाच्या बाईंनी त्यांना शिकवलेला. स्पंजचे थर, त्यांत संत्र्याचा पाक मुरवायचा, मध्ये रिकोटा चीज, वर बदामाच्या पिठाचं हिरवं आवरण. काकूंना रिकोटा काही आवडेना. त्यांनी रात्रभर टांगलेला चक्का घातला, वर केशर. रोझालियाबाई आधी रागावल्या आणि मग दोन तुकडे खाल्ले, असं काकू दरवर्षी सांगायच्या.

यंदा काकूंचं मनगट दुखत होतं. "स्पंज तू कर, बाकी मी बघते," त्या फोनवर म्हणाल्या. "बेकिंग पावडर घालायची नाही. अंडी आणि साखर इतकी फेस, की चमचा उचलल्यावर धार वर रेघ होऊन राहिली पाहिजे. मैदा चाळून, हलक्या हाताने. आणि ओव्हन मध्येच उघडून बघायचा नाही. तू बघशील, म्हणून सांगते."

इलाने उघडून बघितलंच. पहिला स्पंज खाली बसला. शुक्रवारी सुट्टी टाकून तिने दुसरा केला, खुर्ची ओव्हनपासून लांब ओढून, हात मांडीखाली दाबून. तो फुलला. दुपारी दोनला गाडीत एका बाजूला सिया आणि दुसऱ्या बाजूला पट्ट्याने बांधलेला केकचा डबा, अशी ती निघाली.

"मम्मा, आर वी सीइंग द बलून्स?" सियाने विचारलं.

"कुठले बलून्स?"

"काकूज किचन. व्हाइट वन्स. दे ड्रिप."

गेले दोन आठवडे सिया हेच सांगत होती. "फुगे कधी गळतात का गं वेडाबाई," म्हणून इला विषय बदलायची. आज तिने विषय बदलला नाही.

काकूंनी दार उघडलं. इस्त्रीची सुती साडी, नीट घातलेला अंबाडा. "ये. चक्का तयार आहे, कालच टांगलाय."

इलाने बूट काढले. दाराशीच एक आंबूस वास आला. ती पहिल्यांदाच पायपुसणं ओलांडून आत गेली.

स्वयंपाकघरात कपाटाच्या प्रत्येक मुठीला एक पुरचुंडी टांगलेली होती. इलाने मोजल्या. सात. प्रत्येकीखाली एक भांडं, पिवळसर पाण्याने भरलेलं. पहिल्या दोन मलमलच्या, मग पंचा, मग उशीचे अभ्रे. कापडं संपल्यावर शेवटची बांधली होती गिरीशकाकांच्या मोठ्या हातरुमालात. काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. खिडकीजवळच्या पुरचुंडीवर हिरवी बुरशी चढली होती.

"सी?" सिया म्हणाली. "बलून्स."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी एकेक मूठ पाहिली, जणू दुसऱ्या कुणाच्या घरात शिरल्या असाव्यात.

"हे कुणी केलं?"

काकू पुढे झाल्या. बुरशीच्या पुरचुंडीची गाठ त्यांनी बोटांनी चाचपली.

"मीच केलं असणार," त्या म्हणाल्या. "गाठ माझी आहे."

काकूंच्या लेखी रोजच उद्या पाडवा होता. रोज त्या दही आणून टांगत होत्या. इलाने मात्र शेगडीची बटणं बंद आहेत ना, ते एकेक करून पाहिलं. सिया कालच तर दुपारभर इथे होती.

"नकुलला सांगू नकोस," काकू आपल्या मुलाबद्दल हळूच म्हणाल्या. "तो मला ओहायोला, डब्लिनला घेऊन जाईल. चांगला आहे गं तो, सून पण चांगली आहे. पण तिथे माझ्या ओळखीची एक पायरीसुद्धा नाही."

इलाने खिडकीजवळची पुरचुंडी उतरवली. दोघींनी सहा पुरचुंड्या सोडल्या, भांडी घासली, खिडक्या उघडल्या. रुमालातला चक्का कालचा होता. काकूंनी वास घेतला, जिभेला लावला. "हा चालेल."

मग त्यांनी दोरा घेतला आणि स्पंजचे तीन थर असे कापले, की एक कण सांडला नाही. दुखरं मनगट कुठे गेलं कोण जाणे. पाक शिंपडला, चक्का पसरला, संत्र्याची साखरेतली साल पेरली. सियाला बदामाच्या पिठाचं फूल करायला शिकवलं. तासभर इलाला वाटलं, आपण उगाच घाबरलो. इतके सफाईदार हात असलेल्या बाईला काय झालंय?

वरचं शेवटचं फूल बसवून काकू मागे सरकल्या, डोकं तिरपं करून बघत म्हणाल्या, "छान झालाय. वाढदिवस कुणाचा आहे?"

इलाने गाडीत बसून नकुलला फोन लावला.

"आई? रविवारीच बोललो मी. शी साउंडेड फाइन, यार. मलाच ओरडली, जेवतोस का म्हणून."

"फोनवर किचन दिसत नाही, नकुलदादा."

तिने सातही पुरचुंड्या सांगितल्या. मग थांबली आणि हेही सांगितलं, की तिला जानेवारीतच कुणीतरी सावध केलं होतं आणि तिला मुलगी ठेवायला घर हवं होतं. "मी उद्या सकाळी निघतो," नकुल म्हणाला.

शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये कसाट्यापुढे नेहमीसारखी रांग लागली. काकू कापत होत्या, रोझालियाबाईंची गोष्ट सांगत होत्या, पहिल्यांदा आणि मग पुन्हा पहिल्यांदा. लोक दोन्ही वेळा हसले. साडेचारच्या सुमारास दारात नकुल दिसला, सहा-सात तास ड्राइव्ह करून आलेला, शर्ट चुरगळलेला. काकूंनी त्याला पाहिलं. मग इलाकडे पाहिलं. बराच वेळ.

सुरी मात्र थांबली नाही. एक तुकडा त्यांनी कागदी प्लेटमध्ये नीट आडवा ठेवला.

"आलास? आधी खाऊन घे," त्या मुलाला म्हणाल्या. "निघायचं ते नंतर बघू."

त्यानंतर काकू इलाशी बोलल्या नाहीत. नकुलबरोबर जाताना सियाच्या तळहातावर तेवढं कसाट्यावरचं हिरवं फूल ठेवून गेल्या.

रविवारी मंडळाच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज आले, इला, कसाट्याची रेसिपी टाक म्हणून. इलाने दुपारभर बसून ती लिहिली. अंडी किती, धार कशी पडली पाहिजे, ओव्हन का उघडायचा नाही. चक्क्यापाशी येऊन ती थांबली. मग लिहिलं:

"चक्का टांगण्याआधी एक काम करा. ज्यांच्याकडून तुम्ही असं काही शिकलात, आणि ज्या आता एकट्या राहतात, त्यांच्याकडे आज जाऊन या. फोन करू नका, फोनवर सगळे छानच असतात. दारातून परत फिरू नका. बूट काढा आणि स्वयंपाकघरापर्यंत जा."