पुढाऱ्याची उडी

मोकळ्या माळावर मी उडी मारली त्या जागी आता भिंत होती, आणि सगळा कळप तिच्या अलीकडे उभा होता.

गळ्यातली घंटा सकाळपासूनची. जुना पुढारी चालेनासा झाला तेव्हा धनगराने ती मला बांधली. मलाच का, हे सांगितले नाही. मी साधा मेंढा. पुढच्याच्या शेपटाकडे बघत चालण्यात माझे आयुष्य गेले. आज पुढे शेपूट नव्हते. नुसता माळ होता, आणि त्या रितेपणालाच मी भ्यालो. काहीतरी आडवे आहे असे वाटून मी उडी मारली. मागच्याने मारली, त्याच्या मागचीने मारली. प्रत्येक उडीबरोबर दगडांचा एक थर चढत गेला.

कवडी नावाच्या मेंढीचे लंगडे कोकरू तेवढे पलीकडे राहिले. धनगर घोडे घेऊन केव्हाच पुढे गेला होता. ऊन कलले होते, आणि ओढ्याच्या बाजूने लांडग्याचा वास येत होता.

"पुढारी, माझं पोर पल्याड हाय," कवडी म्हणाली.

"तुम्ही उडी मारली तवा केवढी होती ही भिंत?" भुंड्या मेंढ्याने विचारले. घंटेवर त्याचा डोळा होता.

"गुडघ्याएवढी," मी म्हणालो.

"मला तर गवतच दिसलं. म्हटलं, पुढाऱ्याला दिसतंय म्हंजे असंल."

सगळ्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. भिंत आणखी एका थराने वाढली.

"काही नव्हतं," मी म्हणालो. "भ्यालो होतो मी."

भिंत ढळली नाही. मग पाय न उचलता मी सरळ तिच्यात चालत गेलो. दगड लोकरीतून धुक्यासारखे गार सरकले. पलीकडे कोकरू उभे होते. मी वळलो. ते मागोमाग आले.

अलीकडे आलो तेव्हा कळप मागे सरला होता.

"आपल्याला उड्या मारायला लावल्या, अन् स्वतः चालत गेला," भुंडा कुणाला तरी म्हणाला.

कवडीने कोकराला कानापासून शेपटापर्यंत हुंगले. मग मला हुंगले, जास्त वेळ.

"आता तरी माझ्यामागे येशील ना, कवडे?"

तिने कोकराला पुढे घातले आणि ती त्याच्यामागून उताराला लागली. एकेक करून कळप तिच्यामागे वळला. सगळे कोकरासारखेच लंगडत होते.