बाकावरची ठकठक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. माझ्या पाठीवर पिवळी चिकटपट्टी लावली आहे. तिच्यावर लिहिलंय ‘श्पेरम्युल’, म्हणजे रस्त्याकडेला नेऊन ठेवायची अडगळ. मला नेणार की ठेवणार, ते अजून ठरायचं आहे.

माझी उमेदीची वर्षं जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या विद्यापीठात गेली. तिथे व्याख्यान आवडलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटं मुडपून बाकावर ठकठक करतात. दाद प्राध्यापकांना मिळे आणि मार मला! तरी त्यातली थोडी दाद मी गुपचूप स्वतःकडे ठेवत असे. पुढे नवे बाक आले आणि माझी रवानगी वस्तीतल्या ब्युर्गरहाउसमध्ये, म्हणजे लोकांच्या सभागृहात झाली. तिथली चित्रखोली माझं घर झाली. माझ्यावर रंग सांडले तेव्हा आधी फार राग आला. एवढी गणितं पाहिलेला मी, आणि ही दशा! मग मात्र त्या खोलीवर जीव जडला.

मागच्या हिवाळ्यात तिथे कुंदाताई येऊ लागल्या. त्यांची सून अवनी इथे संशोधन करते. नातवासाठी त्या साताऱ्याहून आलेल्या. भाषा येत नाही, त्यामुळे बाहेर पडलं की तोंडाला कुलूप. चित्रखोलीत मात्र त्या माझ्यावर कागद पसरून ठिपक्यांची रांगोळी काढत आणि जर्मन आज्या शेजारी बसून ठिपके जोडत. बोलणं जवळपास नाहीच, हसणं भरपूर.

आता त्या खोलीचं कार्यालय करायचं घाटतंय, म्हणून माझ्या पाठीवर ही पट्टी. सभागृह सांभाळणाऱ्या श्रीमती लेमान यांनी दारावर पाटी लावली, ‘समाजाला कला कशाला हवी? या, बोलूया.’ ती पाटी पाहून मला धडकीच भरली. कुणी आलंच नाही तर? आणि येऊन ‘नकोच’ म्हणाले तर?

लोक आले. एक गृहस्थ म्हणाले, “चित्रं काढून गळकं छप्पर दुरुस्त होतं का?” बऱ्याच माना डोलल्या. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात शेजारच्या अवनीकडून त्याचा अर्थ कळताच कुंदाताई उठल्या. त्या मराठीत बोलत होत्या आणि अवनी ते जर्मनमध्ये सांगत होती.

“इथे दुकानातसुद्धा मला बोलता येत नाही. या खोलीत आले की मी रांगोळी येणारी बाई असते. खोली गेली तर मी पुन्हा मुकी होईन.”

ठकठक, ठकठक! सगळीकडून आवाज आला. कुंदाताईंचा चेहरा उतरला आणि त्या घाईने खाली बसल्या.

“अगं अवनी, पुरे म्हणतायत ना? चुकलंच माझं उठले ते.”

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो!

“अहो आई, नाही! हे लोक अशीच दाद देतात. टाळ्याच समजा.”

“असं होय? मग माझं राहिलंय अजून.” त्या पुन्हा उठल्या आणि त्या गृहस्थांकडे वळल्या. “छप्पर दुरुस्त कराच. पण त्याच्याखाली माणसं एकमेकांना ओळखणार कशी, तेही सांगा.”

गृहस्थांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. ठकठक मात्र केली नाही.

निर्णय शुक्रवारी आहे. पट्टी अजून पाठीवर आहे. निघताना कुंदाताईंनी माझ्यावर बोटांनी हलकेच ठकठक केली. ती शाबासकी होती की निरोप, मला कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात अशी एखादी खोली असेल. दारावर पाटी लागायची वाट पाहू नका. ती खोली आवडत असेल तर आत्ताच जाऊन सांगा. बाक गेल्यावर ठकठक करणार कशावर?