बोटुकल्यांची गाडी

मासे भरलेली गाडी बंद करायची नसते. टाकीत हवा सोडणारा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की हवा थांबते, आणि बोटाएवढी पिल्लं, ज्यांना या धंद्यात बोटुकली म्हणतात, ती फार वेळ तग धरत नाहीत. पेट्रोल पंपावर मात्र आधी इंजिन बंद करायला लावतात. म्हणून मत्स्यबीजवाले मासे भरून झाले की घरच्याच डब्यातलं डिझेल, इंजिन चालू ठेवून, गाडीत ओततात आणि मग निघतात. हे धोक्याचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तेच करतात.

वडीलही जन्मभर तेच करत आले होते. शेडच्या दाराशी दोन निळे डबे असत. डावीकडे तळ्यावरच्या पंपाचं पेट्रोल, उजवीकडे गाडीचं डिझेल. बघायची गरजच पडत नसे, हात आपोआप उजवीकडे जाई.

आदल्या संध्याकाळी त्यांनी शेड झाडली होती. लेक कधीची म्हणत होती, माझी जाळी टांगायला इथे जागाच नाही. तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी दाराजवळ खुंट्या ठोकल्या आणि त्यासाठी डबे हलवले. परत ठेवताना कुठला कुठे ठेवला, हे त्यांना नंतर काही केल्या आठवेना.

सकाळी गाडीचं इंजिन घरघरत होतं. लेक माशांच्या टाकीचं झाकण आवळत होती.

"बाबा, डिझेल?"

"ओततो."

त्यांनी उजवीकडचा डबा उचलला, नरसाळं लावलं आणि ओतला. सर्दीने नाक चोंदलेलं होतं. वास आला नाही.

या खेपेवर काय अवलंबून होतं ते दोघांना ठाऊक होतं. मागची सगळी पिल्लावळ रोगाने गेली, तेव्हा वडिलांनी हौद कोरडे करून टाकले होते. लेक शिक्षण संपवून घरी आली, तिने एकटीने हौद धुतले, अंडी आणली, आणि थंडीत अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून ही बोटुकली वाढवली. मधेच मोठ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली. जेवताना ती सहज बोलावं तसं बोलली होती, "ही खेप जिवंत पोचली तर मी इथेच राहते. नाहीतर जाते. सोमवारी कळवते म्हटलंय त्यांना."

वडील "बरं" म्हणाले होते. खरं तर त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण घास तोंडात होता, आणि तो गिळून होईपर्यंत ती ताट घेऊन उठली होती.

गाडी नीट चालली, निदान सुरुवातीला. नळ्यांमध्ये आधीचं डिझेल होतं तोवर चालली. मग इंजिनातून कुणी आतून हातोडी मारावी तसा आवाज यायला लागला. लेकीने आधी ऐकलं.

"बाबा, गिअर बदला."

"बदललाय."

गाडी दोनदा उचकी लागल्यासारखी हलली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. एका बाजूला लाकडाच्या वखारीची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला खड्डे आणि त्यांच्या पलीकडे कालवा. लेक खाली उतरली, डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून तिने नाक लावलं. बराच वेळ ती तशीच वाकून उभी होती.

"हे पेट्रोल आहे," ती म्हणाली.

वडिलांचा हात किल्लीकडे गेला.

ओळखीच्या मिस्त्रीला फोन लागला. "किल्लीला हात लावू नका, काका," तो म्हणाला. "जेवढी फिरवाल तेवढं पुढे जाईल, आणि मग मी आलो काय, न आलो काय. डिझेलची टाकी रिकामी करावी लागेल. एक चाक उघडून बसलोय, ते लावतो आणि निघतो."

"आमच्याकडे मासे आहेत," वडील म्हणाले.

"मला नकोत काका, घरी चालत नाहीत," म्हणून त्याने फोन ठेवला.

बोटुकली घेणाऱ्या तळेवाल्याला लेकीने फोन केला. त्याची गाडी दुसरीकडे गेली होती. तो वाईट वाटल्यासारखं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "मेलेली मी घेणार नाही हं, ताई. आधीच सांगतो."

मग दोघं मागे माशांच्या टाकीवर चढली. प्लास्टिकच्या मगने टाकीतलं पाणी काढायचं आणि उंचावरून पुन्हा टाकीत सोडायचं, म्हणजे पडताना ते थोडी हवा घेऊन जातं. वडिलांचे खांदे लवकर भरून आले. बोटुकली वर येऊन तोंडं उघडत होती, सगळी एकाच दिशेला.

"कालव्यात सोडू या," वडील म्हणाले. "आता सोडली तर जगतील."

"कालव्यात सोडायला वाढवली नाहीत मी."

"अगं, पण जगतील तरी."

"आणि मी?" ती म्हणाली. हातातला मग खाली ठेवून तिने इकडेतिकडे पाहिलं. "स्टेपनीत हवा आहे ना?"

तिने स्टेपनीच्या व्हॉल्व्हची पिन काढली, हवेच्या पंपाची रबरी नळी त्यावर घट्ट बसवली आणि तिचं दुसरं टोक टाकीत सोडलं. टाकीत बुडबुडे उठले. बोटुकली खाली गेली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. एवढी हुशार मुलगी आपल्या पोटी कशी आली, हे त्यांना कधीच उलगडलं नव्हतं. ती नळी धरून होती आणि तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं होतं.

स्टेपनी संपली.

"चाकांची घेऊ," ती म्हणाली.

"मग गाडी ओढूनही नेता येणार नाही."

"नेऊन काय करायचंय रिकामी गाडी?"

त्यांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचा आपला हक्क सकाळीच गेला, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी स्वतः पिन काढून दिली. एकेक चाक जमिनीला टेकत गेलं, गाडी कुणी गुडघे टेकावेत तशी खाली बसत गेली.

एक मोटार थांबली. काच खाली करून एका माणसाने विचारलं, "मासे का? ताजे आहेत?"

"अजून आहेत," लेक म्हणाली.

"कसे दिले?"

"जा तुम्ही," वडील म्हणाले. इतक्या मोठ्याने ते अनोळखी माणसाशी कधी बोलले नव्हते. मोटार निघून गेली.

शेवटच्या चाकातली हवा संपली तेव्हा पाण्यावर पांढरी पोटं दिसायला लागली होती. आधी कोपऱ्यात, मग सगळीकडे. लेक मगने पाणी उडवत राहिली. वडिलांनी तिच्या हातातून मग काढून घेतला. ती पाच-सहा वर्षांची असल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "बादल्या द्या."

जिवंत होती ती बोटुकली दोन बादल्यांत मावली. खड्ड्यांतून वाट काढत दोघं कालव्यापर्यंत गेली. वडील बादली कलती करणार तोच तिने हात धरला.

"एकदम नको. पाणी गार आहे."

काठावर उकिडवं बसून तिने कालव्याचं पाणी ओंजळीने बादलीत घालायला सुरुवात केली. थोडं घालायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. घाई नव्हती. वडीलही तिच्यासारखंच करायला लागले. बादलीतली काही त्या वेळातच उलटी झाली, तरी तिने वेग वाढवला नाही.

"माझ्यामुळे," वडील म्हणाले.

"हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना काहीतरी धरायला मिळालं असतं.

रस्त्यावर मिस्त्रीची मोटारसायकल येऊन थांबली. तो गाडीभोवती फिरला, चाकांकडे पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं. "काका," त्याने तिकडूनच हाक मारली, "डिझेलचं म्हणाला होतात. चारी चाकं बसलीत त्याचं काय? गाडीनेच जीव दिला की काय?"

मग तो पिशवीतून पाने-पक्कड काढायला लागला.

लेकीने बादली आडवी करून पाण्यात टेकवली. बोटुकली लगेच गेली नाहीत; बादलीच्या तोंडाशी थोडा वेळ घुटमळली. मग एक गेलं आणि बाकीची त्याच्या मागे गेली. पाणी गढूळ होतं, पुढचं काही दिसलं नाही.

"घरच्या हौदातलं पाणी सोडून द्या," ती म्हणाली. "उगाच शेवाळ धरेल."

"देतो."

"आणि मी गेल्यावर एकटे हौदात उतरू नका. पाय घसरतो तिथे."

वडिलांनी मान हलवली. राहा, एवढा एकच शब्द त्यांना बोलायचा होता, आणि आता तो बोलायचं तोंड उरलं नव्हतं.

"नाही उतरणार," ते म्हणाले.

तिने बादली खळबळून घेतली आणि ती उठली.