सोमवारी चाललेला कुळव

मित्रांनो, शरणप्पाच्या गोठ्यामागं ज्या लाकडाला टेकवून इरम्मा गोवऱ्या वाळत घालते, ते नुसतं लाकूड नाही. तो मी आहे, एक जुना कुळव. नांगर रान उलथून पुढं गेला, की त्याच्या मागून माझी पाळी. खालच्या लांब लोखंडी फासेनं मी ढेकळं फोडायचो, गवत मुळासकट कापायचो आणि रान तव्यासारखं सपाट करून द्यायचो.

अणदूरच्या अलीकडं, ओढ्याकाठी मी बाभळ म्हणून वाढलो. अंगावर सुगरणीचे खोपे झुलायचे. पुढं सुतारानं तासलं, लोहारानं फास बसवली आणि मी कामाला लागलो.

मी दोघांचा होतो. शरणप्पाकडं एक बैल, शेजारच्या जैनोद्दीनकडं एक. दोघांनी सावड केली आणि बैलांची जोडी झाली. शरणप्पा लिंगायत. सोमवार हा बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार, त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. जैनोद्दीनची शुक्रवारी नमाज, म्हणून शुक्रवारीही बैल मोकळे. गावातले लोक हसायचे, "ह्यांच्या बैलांएवढी सुट्टी तर तहसीलदारालाबी न्हाय." मला मात्र त्या सुट्टीचं कौतुक वाटायचं. बांधावर पडून आभाळ बघायला मिळायचं आणि माळावरचा माळढोक बघायला मिळायचा.

तुम्ही पाहिलाय का माळढोक? उंच, तपकिरी, लांब मानेचा, डोक्यावर काळी टोपी. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमायला लागला, की वाटायचं, माळच हुंकारतोय. पण तो दिसला, की कुणाच्या तरी हाताला बंदूक आठवायची. मोंगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, सरून थोडी वर्षं झाली होती. राज्य बदललं, शिकारीची हौस तेवढी तशीच राहिली. माळावरचा हुंकार विरळ होत चालला होता.

भादव्यातला रविवार होता. जोंधळ्याच्या पेरणीआधीची कुळवणी चाललेली. रान जवळजवळ उरकलं, तेवढ्यात बैल थबकले. पुढं गवताच्या झुपक्यात मादी बसली होती. ती उठली, चार पावलं गेली, तेव्हा दिसलं, उघड्या मातीवर एकच अंडं. काड्या नाहीत, पिसं नाहीत. तिचं घर म्हणजे तेवढं गवत.

शरणप्पानं मला उचलून बाजूनं वळवलं. भाकरी घेऊन आलेली इरम्मा, त्याची बायको, बांधावरूनच गुणगुणली,

"माळाच्या गवतामंदी बाई उतरली माहेरीण,
वळव रे दादा औत, तिथं निजली बाळंतीण."

सगळे खुशीत घरी गेले. मी बांधावरच राहिलो, पण तेवढाच खुशीत. आपण केवढं भलं केलं, असं वाटत होतं.

सोमवारी सकाळी जैनोद्दीनची आई अजीजाबी गवत न्यायला आली आणि बांधावरच उभी राहिली. बैल चारायला आलेले जैनोद्दीन, शरणप्पा आणि इरम्माही तिच्याजवळ आले. काळ्याभोर, सपाट रानात मधोमध गवताचा एकच झुपका. वर कावळे घिरट्या घालत होते.

"काय केलं बेटा तुम्ही," ती म्हणाली. "घर ठेवलं आन् घरावर झेंडाबी लावला. आंधळ्यालाबी दिसंल."

जैनोद्दीनचा चेहरा उतरला. "अम्मा, अन् एक जीपवाला साहेब बंदूक घेऊन खालच्या माळावर फिरतोय. सांजच्याला हिकडं येणार म्हणं."

"मग कालचं उपटलेलं गवत गोळा करा. रानभर ढीग घाला. ढिगांत ढीग दिसू द्या."

रानभर पांगलेलं ते गवत सांजेच्या आत ओढून गोळा करणं, हे माझंच काम. पण सोमवार होता. शरणप्पा बैलांकडं बघेना, कुणाकडंच बघेना.  सोमवारी बैल जुंपायचं जैनोद्दीननं इतक्या वर्षांत कधी सुचवलं नव्हतं, आजही नाही.

शेवटी इरम्माच म्हणाली, "बैलाला सुट्टी हाय. तुमाला कुणी दिली?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मुकाट जू खांद्यावर घेतलं. माझं रुमणं, मागचा धरायचा दांडा, इरम्मानं धरला. आजवर तो बाईच्या हातात आला नव्हता. काय सांगू मित्रांनो, एवढं हलकं मला कधी कुणी चालवलं नाही.

"भावजी, नीट चाला. आमचा बैल तुमच्यापरीस शहाणा हाय," ती जैनोद्दीनला म्हणाली.

"वैनी, त्याला तुमी पेंड चारता. मला काय चारलं?"

बैल बांधावर बसून रवंथ करत होते. मी गवत ओढायचो, इरम्मा मला उचलायची, ढीग पडायचा. अजीजाबी ढीग हातानं विस्कटून झुपक्यासारखा करायची. झुपक्याजवळून जाताना सगळे गप्प व्हायचे. मादीनं मान मातीला टेकवली, पण ती उठली नाही.

ऊन कलताना जीप आली. साहेबानं रानावर नजर फिरवली. जिकडं तिकडं गवतच गवत. मग त्याची नजर जुवाखालच्या दोन माणसांवर गेली.

"बैल बसलेत आणि तुम्ही का जुंपून घेतलंय?"

"सोमवार हाय साहेब," शरणप्पा म्हणाला.

साहेब हसायला लागला. ड्रायव्हरला थाप मारून पुन्हा हसला. "अन् माळढोक?"

"ह्या गलक्यात कुठलं पाखरू थांबतंय," जैनोद्दीन घाम पुसत म्हणाला. साहेबाला ते पटलं. जीपची धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग इरम्मा एवढी हसली, की तिला माझ्यावरच बसावं लागलं.

तेवढा तुकडा सोडून पेरणी झाली. जोंधळा वीतभर आला, तेव्हा एका सकाळी मादी झुपक्यातून बाहेर पडली. तिच्या मागं मातीच्या रंगाचा एवढासा गोळा धडपडत होता. तो ढेकळाला अडखळला, उठला, पुन्हा आईमागं धावला. चौघंही बांधावर श्वास धरून बसली होती.

आता लोखंडी कुळव आलाय. माझी फास झिजली, मी गोवऱ्या सांभाळतो. माझं काही मागणं नाही. तुमच्या रानात ती उतरली, तर वळून जा, एवढं तुम्ही कराल, हे मला ठाऊक आहे. पण वळल्यावर बांधावर थांबून एकदा मागंही बघा. आपण राखलेलं घर कावळ्याला कसं दिसतं, बंदुकीला कसं दिसतं, ते बघा. आणि काम उरलंय असं दिसलं, तर वार कुठलाही असो, जू खांद्यावर घ्या.